तीन ओल्या, दोन कोरड्या

माझ्या जावयाला, निकोराला, त्या उन्हाळ्याच्या शेवटी एक वाईट खोड लागली. जेवणाआधीची प्रार्थना संपली की तो आपलं ताट उचलायचा आणि मागच्या पायरीवर जाऊन बसायचा. गुपचूप नाही, सगळ्यांनी बघावं असा उठायचा. खुर्ची करकरत मागे ढकलायची, ताट डाव्या हातात घ्यायचं, उजवा हात पोटाशी धरायचा, आणि माझ्या मुलाच्या, हेटाच्या खुर्चीमागून जाताना पाऊल जरा हळू टाकायचं. बोलायचं काही नाही. माझ्या घरात चाळीस वर्षांत कुणी ताट घेऊन पंगतीतून उठलेलं नाही. माझा नवरा उठला असता तर ते ताट मी त्याच्या डोक्यावर पालथं घातलं असतं. निकोराला मात्र मी काही म्हटलं नाही. मी मान खाली घालून मीठ पुढे सरकवत राहिले. मी असं का केलं ते लिहून ठेवते. चार इयत्तांनंतर शाळेचा आणि माझा संबंध सुटला, त्यामुळे अक्षर कसंही आलं तरी हसू नये.

आमची टोळी मेंढरं कातरणाऱ्यांची. नोव्हेंबरात, आमच्याकडे उन्हाळा लागतो तेव्हा, घर सोडायचं आणि फेब्रुवारी सरेपर्यंत डोंगरातल्या एका कातरणीच्या शेडवरून दुसऱ्या शेडवर. नवरा गेल्यापासून टोळी मी चालवते. कातरणारे पाच. निकोरा, हेटा, माझ्या बहिणीचे दोन मुलगे पाओरा आणि वी, आणि म्हातारा तिपेने, जो रविवारी देवळात प्रवचन देतो आणि सोमवारी मेंढरांना शिव्या. माझी मुलगी रिपेका, निकोराची बायको, आणि दोन बाया लोकर उचलतात, निवडतात. मी स्वयंपाक करते, घंटा वाजवते आणि कुणाचं काय चुकलं ते सांगते. सगळे, माझी मुलंसुद्धा, मला नॅनी म्हणजे आजी म्हणतात. तिपेने माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे, तोही म्हणतो.

मेंढरू गरीब असतं असं शहरातल्यांना वाटतं. सत्तर किलोचं ते गरीब जनावर दोन पायांत धरून, कमरेत वाकून, दिवसातून तीनशे वेळा फिरवून बघा म्हणावं. तिपेनेची पाठ आता रात्रीसुद्धा सरळ होत नाही. माझा डावा गुडघा एका मेंढ्याने फाटकाशी धडक देऊन मोडला, तो पाऊस यायच्या आधी मला सांगतो. नवऱ्याला बैलाने कठड्याशी दाबलं, तो उठलाच नाही. त्याला घरावरच्या टेकडीवर पुरलंय. या कामात जनावर आपल्यावर चिडलेलं नसतं, हेच वाईट. चिडलेलं असतं तर आपण सावध तरी राहिलो असतो.

त्यात ओलं मेंढरू सगळ्यांत वाईट. वजन वाढतं, लोकर कातरायच्या मशीनच्या दातांत गोळा होते, पायाखालच्या फळ्या तेलकट होतात, विजार मांड्यांना चिकटून गळवं येतात. हेटाला मागच्या वर्षी अशी अकरा गळवं आली होती, बसताही येत नव्हतं, उभ्याने जेवायचा. म्हणून पाऊस झाला की आमच्यात एक रीत आहे. सगळ्यांनी दोन-दोन मेंढरं कातरून बघायची आणि मग चिठ्ठी टाकायची. ओली, की कोरडी. कुणी काय लिहिलं ते विचारायचं नाही, सांगायचं नाही. ओल्या जास्त निघाल्या तर मशीन बंद. त्यावर शेडच्या मालकाने बोलायचं नाही आणि टोळीच्या मालकिणीनेही नाही. थकलेल्या माणसाला तोंडाने नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून चिठ्ठी.

नवरा असताना तो टोपी टेबलावर उलटी करायचा आणि सगळ्यांसमोर एकेक चिठ्ठी उघडून दाखवायचा. मी तसं केलं नाही. मला वाचायला वेळ लागतो, ओठ हलतात, आणि पाच पुरुषांनी माझ्या ओठांकडे बघत उभं राहावं हे मला खपणारं नव्हतं. म्हणून मी टोपी घेऊन स्वयंपाकघरात जायचे, पाठ करून मोजायचे, चिठ्ठ्या चुलीत टाकायचे आणि दारात येऊन निकाल सांगायचे. सहा वर्षं असंच चाललं होतं. कुणाला त्यात काही वाटलं नाही. वाटावं असं मी काही केलंही नव्हतं.

इनेस नावाच्या मालकाच्या शेडवर पूर्वेकडून पाऊस लागला तो नऊ दिवस. पुरुष पत्ते खेळून खेळून एकमेकांचे चेहरे ओळखेनासे झाले. वी आणि पाओरा एका बिस्किटावरून मारामारीला आले. दहाव्या दिवशी सकाळी ऊन पडलं, आणि इनेसच्या घरचा फोन माझ्यासाठी वाजला. पलीकडून मोरिसनच्या शेडचा मुकादम बोलत होता. आमची तिथे सोमवारची वेळ ठरलेली. एकतीस वर्षं त्या शेडचं दार हंगामात आमच्या टोळीनेच उघडलं होतं, आधी नवऱ्याने, मग मी. मुकादम फार गोड बोलला. पाऊस काय कुणाच्या हातात असतो, नॅनी, म्हणाला, आणि फेरिसची टोळी सध्या मोकळीच आहे, तेव्हा तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. हा फेरिस आमच्याकडे लोकर दाबून गठ्ठे बांधायला होता. माझ्या हातचं खाऊन जाड झाला, आणि नवऱ्याला पुरून महिना व्हायच्या आत आमची दोन माणसं घेऊन वेगळा झाला. मी मुकादमाला म्हटलं, सोमवारी दार तुम्ही उघडू नका, मी येऊन उघडते.

फोन ठेवून मी शेडमध्ये गेले. इनेसने जमतील तेवढी मेंढरं रात्रभर छपराखाली ठेवली होती. मी मेंढवाड्यात वाकून एकीच्या पोटाखाली हात घातला. बोटं पेरापर्यंत गार झाली. मी हात एप्रनला पुसला.

पाच जणांनी दोन-दोन मेंढरं कातरली. तिपेनेने विजार पिळून दाखवली आणि सगळे हसले. मग टोपी फिरली. मी ती घेऊन स्वयंपाकघरात गेले, पाठ केली, चिठ्ठ्या उघडल्या.

तीन ओल्या, दोन कोरड्या.

अक्षरं मला ओळखू येतात, वाचायला कितीही वेळ लागला तरी. तिपेनेचं गोल, देवळातल्या शाळेतलं. निकोराचं घाईचं, शेवटचं अक्षर अर्धवट सोडलेलं. आणि हेटाचं माझ्यासारखं, एका अंगाला झुकलेलं, कारण पहिली अक्षरं त्याला मीच शिकवली. या तिघांनी ओली लिहिलं होतं. पाओरा आणि वी या दोघा घाईखोरांनी कोरडी. चुलीवर मटणाच्या हाडांचं पातेलं उकळत होतं. मी चुलीचं झाकण काढलं, पाचही कागद आत टाकले आणि दारात येऊन म्हटलं, "तीन कोरड्या, दोन ओल्या. उठा."

निकोराने फक्त एकदा सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि तो मशीनपाशी गेला. ते दोन शब्द उलटे सांगताना माझी जीभ अडखळली असती तर बरं झालं असतं. अडखळली नाही. मला आठवतं, मी परत येऊन हाडांवरचा फेस काढला, आणि मला बरं वाटत होतं.

पहिली दोन तासांची पाळी नीट गेली. चहा झाला. दुसऱ्या पाळीत, घंटेनंतर अर्ध्या तासाने, निकोराने एक मोठा खच्ची मेंढा ओढून आणला. मी तेव्हा भाजलेल्या पावाची टोपली घेऊन शेडच्या दारात होते, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांनी बघितलं. पोट कातरून झालं होतं. त्याने मेंढा कुशीवर घेतला आणि पाठीवरून लांब हात मारायला सुरुवात केली. फळीवर पाणी आणि लोकरीचं तेल मिळून साबणासारखं झालं होतं. त्याचा डावा पाय एवढासाच सरकला, चार बोटं असेल. मेंढ्याला तेवढी जागा पुरली. त्याने मागचे दोन्ही पाय झाडले. मशीनच्या दातांत ओल्या लोकरीचा गोळा आधीच अडकला होता, ते जागच्या जागी आवळलं, आणि वरून येणारा फिरता दांडा थांबेना. मग हातातलं मशीन चाबकासारखं गरकन फिरलं. बंद करायची दोरी निकोराच्या डोक्यावर होती. त्याने ती ओढली. डाव्या हाताने ओढली, कारण उजवा तोवर चिरून उघडा पडला होता, मनगटाच्या वर आतल्या बाजूने, करंगळीपासून अंगठ्याकडे.

तो ओरडला नाही. "मेंढा धरा," एवढंच म्हणाला. अर्धी कातरलेली लोकर पाठीवर ओढत मेंढा शेडभर पळत होता आणि त्या पांढऱ्या लोकरीवर निकोराचं रक्त होतं.

मी पावाच्या टोपलीवरचं फडकं फाडून हात बांधला. फडकं लगेच भिजलं, मग पिठाची पिशवी फाडली. निकोरा माझ्याकडे बघत होता. "नॅनी, बोटं हलत नाहीत," म्हणाला. मी म्हटलं, हात वर धर, बडबडू नको. रिपेकाने त्याला गाडीत घातलं. कच्च्या रस्त्याने दवाखाना दोन तास. गाडी नदीपलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा चौघे पुरुष मशीनपाशी नुसते उभे होते आणि मी काय म्हणते याची वाट बघत होते.

मी फळीवर भुसा टाकायला लावला आणि घंटा वाजवली.

इनेसची शेड आम्ही शनिवारी संपवली. सोमवारी पहाटे मोरिसनच्या शेडचं दार मी उघडलं. मुकादमाने टोपी काढली. मी बत्तिसाव्या वर्षी ते दार उघडलं, आणि आत जाऊन भांडी मांडताना माझ्या हातातून दोन कप पडून फुटले.

डॉक्टरांनी बोटं हलवणाऱ्या दोन शिरा शिवल्या. बाकीच्या आत ओढल्या गेल्या होत्या. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट चालतं. उरलेली तीन बोटं तो टेबलावर ठेवतो तशी राहतात. मशीन धरता येणार नाही हे सांगायला डॉक्टर लागला नाही. निकोराने परत आल्यावर कोपऱ्यातला झाडू उचलला आणि तो डाव्या हाताने फळ्यांवरची लोकर लोटायला लागला. ते काम आमच्यात नवख्या पोरी करतात. दिवसाला तीनशे मेंढरं कातरणारा तो माणूस पाओराच्या पायांतून लोकर ओढून काढायचा, आणि पाओरा बिचारा प्रत्येक वेळी माफ कर म्हणायचा. शेवटी निकोरानेच त्याला सांगितलं की अजून एकदा माफी मागितलीस तर झाडू घशात घालीन. सगळे हसले, आणि मग कुणी हसेना. सकाळी त्याच्या सदऱ्याची बटणं रिपेका लावायची. तो तेव्हा छताकडे बघायचा.

हात बसला की डोकं चालतं. तिसऱ्या आठवड्यात चहाच्या वेळी त्याने पाओरा आणि वीला सरळ विचारलं. असं विचारायचं नसतं, पण त्याला कोण अडवणार. दोघांनी माना खाली घालून कबूल केलं की त्यांनी कोरडी लिहिलं होतं. निकोरा म्हणाला, ठीक आहे, ते तुमचं मत होतं, मला त्याचा राग नाही. मग तो तिपेनेकडे वळला. तिपेने म्हणाला, ओली, देवाशपथ. हेटा म्हणाला, ओली.

"मीही ओलीच लिहिलं," निकोरा म्हणाला. "म्हणजे ओल्या तीन झाल्या. नॅनीने दोन मोजल्या. आपल्या तिघांत एक खोटारडा आहे. मी नाही. तिपेने शिव्या देतो, पण देवाचं नाव घेऊन खोटं बोलत नाही. मग राहिलं कोण?"

हेटा लाल झाला. त्याने लिहिलं ते लिहिलं, म्हणाला. निकोरा म्हणाला, माझ्यामागे सात वर्षं दुसरा राहून कंटाळला असशील, आता शेडमध्ये पहिला तूच आहेस, कातर. हेटा त्याच्या अंगावर गेला नाही. दोन्ही हात असलेल्याने एका हातावाल्याच्या अंगावर कसं जायचं. तो बाहेर जाऊन कुंपणाला टेकून उभा राहिला. मी चहाची किटली घेऊन तिथेच होते. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मी सगळ्यांचे कप भरले.

सगळ्यांच्या कपाची वाटणी माझ्या हातात, शब्दाची वाटणीही माझ्याच हातात. मी त्या दिवशी फक्त चहा वाटला.

हंगाम संपून घरी आलो आणि ती ताट उचलायची खोड सुरू झाली. एका रविवारी हेटा टेकडीवर गेला, आणि बापाच्या थडग्यावर हात ठेवून, निकोरा ऐकेल एवढ्या मोठ्याने त्याने ओलीच लिहिल्याची शपथ घेतली. निकोरा कुंपणाबाहेर उभा होता. तो म्हणाला की मेलेल्या माणसाला मध्ये घालणारा जिवंत माणसाचा हात कापायला काय कचरणार. मी दोघांच्या मागे शंभर पावलांवर होते. गुडघा दुखत होता म्हणून मागे राहिले असं मी रिपेकाला सांगितलं.

रिपेकाने कपडे बांधायला काढले. दक्षिणेत कुठेतरी निकोराच्या मामाचं घर आहे, नातवंडांना घेऊन तिकडे जायचं चाललं होतं. ते ऐकल्यावर हेटा माझ्याकडे आला. मी मागच्या अंगणात रताळी सोलत होते. तो लाकडाच्या ओंडक्यावर बसला, बराच वेळ बुटाने माती उकरत राहिला, आणि मग मला म्हणाला:

"नॅनी, मी त्याला सांगून टाकतो की कोरडी मीच लिहिली."

मी विचारलं, तू लिहिलीस का.

"नाही. पण त्याला कुणीतरी हवंय. हात गेला आणि नाव कुणाचं घ्यायचं ते कळेना, याने तो वेडा होईल. माझं नाव घेऊ दे. मी समुद्रापलीकडे जाईन, तिकडे शेडांना माणसं लागतातच. रिपेका आणि पोरं इथे तुझ्याजवळ राहतील."

मी रताळं सोलत राहिले. साल आणि गर दोन्ही पातेल्यात पडत होतं हे मला नंतर कळलं. माझ्या मनात काय आलं ते लिहिते, कारण ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्याला अर्थ नाही. मला वाटलं, बरं होईल. मुलगा दोन-तीन वर्षांनी परत येईल, तोवर सगळं निवेल, मुलगी राहील, नातवंडं राहतील, आणि मी जशी आहे तशी राहीन. मी त्याला होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नुसतं म्हटलं, जेवायच्या आधी हात धू.

त्या दुपारी पंगतीला सगळे होते. तिपेनेने प्रार्थना म्हटली. निकोराने खुर्ची ढकलली, ताट उचललं. तो हेटाच्या मागे आला तेव्हा हेटा समोर बघतच बोलला.

"थांब. कोरडी मी लिहिली होती. मोरिसनकडे वेळेवर पोचायचं होतं म्हणून लिहिली."

निकोराने ताट टेबलाच्या कडेला ठेवलं. मला वाटलं होतं तो मारेल. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. पाठीवरचं पोतं कुणी उतरवून घेतल्यावर माणूस दिसतो तसा तो दिसला, आणि ते बघायला मला मारामारीपेक्षा जड गेलं. त्याने हळूच विचारलं, बापाच्या थडग्यावर हात ठेवला होतास ना. हेटा म्हणाला, ठेवला होता. तिपेने डोळे मिटून बसला. ते त्याच्यानेही सोसवेना.

"या घरात आता तू तरी राहशील, नाहीतर मी," निकोरा म्हणाला.

"मीच जातो," हेटा म्हणाला आणि उठला. त्याची पिशवी दाराशी बांधून ठेवलेली होती. माझ्या मुलाने नीट विचार करून, धुतलेले सदरे घड्या घालून ती बांधली होती. तो दारापर्यंत गेला. कुणीच त्याला अडवलं नाही. तो वाकला आणि त्याने पिशवीचा पट्टा खांद्यावर घेतला.

मी खुर्चीवरून उठले. गुडघ्यामुळे मला उठायला वेळ लागतो आणि तेवढ्यात सगळे माझ्याकडे बघायला लागले, नेहमीसारखे, आता नॅनी कुणाला झाडते म्हणून.

"हेटा, पिशवी खाली ठेव. आणि निकोरा, तू बस. ताट ठेवलंस तिथेच बस. हा आज पहिल्यांदा खोटं बोलतोय. ओल्या तीन होत्या. तुझी, तिपेनेची आणि याची. मी वाचल्या, चुलीत टाकल्या आणि दारात येऊन उलट्या सांगितल्या. फेरिसच्या आधी पोचायचं होतं मला. तुझा हात मेंढ्याने नाही कापला, मी कापला, आणि त्यानंतर घंटाही मीच वाजवली. कुणाला घराबाहेर काढायचं ते आता तू ठरव. घर माझ्या नावावर आहे म्हणून भीड धरू नको. पण तुझी चूकही ऐकून घे. दोन महिने तू चिठ्ठी टाकणाऱ्या एकेकाला खोटारडा ठरवून बघितलंस, आणि मोजणारीला एकदाही विचारलं नाहीस. मला भ्यालास. इथे सगळेच मला भितात, म्हणून तर मला हे जमलं. तुझी चूक एवढीच. बाकीची सगळी माझी."